झाईरचे प्रांत लिहिताना या चुका टाळा

झाईर हे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं नाव 27 ऑक्टोबर 1971 ते 17 मे 1997 एवढाच काळ चाललं. तरीही त्या काळातल्या घटना आजच्या काँगोच्या 26 प्रांतांच्या नकाशावर बसवणं काही थांबत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नाव तेच, म्हणून प्रदेशही तोच असं धरून चालणं. एक्वातेर प्रांत घ्या. 2015 साली त्याचे पाच प्रांत झाले: मोंगाला, त्शुआपा, उत्तर उबांगी, दक्षिण उबांगी आणि म्बांडाका शहराभोवतीचा भाग. जुनं नाव फक्त या शेवटच्या भागाकडे राहिलं. आता कोणीतरी 1984 ची जनगणना उघडतो (त्यानंतर देशात जनगणनाच झालेली नाही), तिच्यातल्या एक्वातेरच्या आकड्याशेजारी आजच्या एक्वातेरचा अंदाज मांडतो, आणि लोकसंख्या रोडावली असा निष्कर्ष काढतो. मग युद्ध, रोगराई, स्थलांतर अशी कारणंही जोडली जातात. खरं तर आकडे एका प्रदेशाचे नाहीतच! आधी पाचही प्रांतांची बेरीज करा, मग तुलना. एक्सेलमध्ये नावावरून जुळवणी करणाऱ्या घाईखोरांना हा दणका हमखास बसतो. झाईरचे हुकूमशहा मोबुटू यांचं ग्बाडोलिटे शहर त्यांच्या काळात एक्वातेरमध्ये होतं, आज ती उत्तर उबांगीची राजधानी आहे. कासाईचंही तसंच: 1960 मध्ये तो एकसंध प्रांत होता, आज त्या नावाच्या प्रांतात त्याची तेव्हाची राजधानी कनांगासुद्धा नाही.

म्हणून प्रांतापासून सुरुवातच करू नये. आधी गाव आणि तारीख लिहावी, मग त्या वर्षीचा प्रदेश शोधावा. 1978 ची कोल्वेझी शहरातली लढाई शाबामधली; शाबा हे कटांगा प्रांताचंच झाईरच्या काळातलं नाव. 1960 ते 1963 चं फुटीर राज्य मात्र कटांगा. कोल्वेझी आज लुआलाबात आहे, पण ते नाव 1978 च्या वाक्यात नको.

किव्हूचे उत्तर किव्हू, दक्षिण किव्हू आणि मानिएमा असे तीन भाग 1988 मध्ये झाले. त्याआधीच्या नकाशात त्यांना स्वतंत्र प्रदेशांचा रंग देऊ नका.

बा-झाईर, बा-काँगो, काँगो सेंत्राल: प्रांत एकच, काळ वेगळे.

झाईरच्या प्रशासकीय उतरंडीत प्रदेश (म्हणजे प्रांत), उपप्रदेश, झोन असा क्रम होता. तक्त्यात हे तीन स्तंभ वेगळे ठेवा, चौथ्यात वर्ष.

शहरांचंही तसंच: 1966 आधीच्या मजकुरात किसांगानी नाही, स्टॅनलेव्हिल.