परत आलेला अर्ज

घरच्या स्वयंपाकघरातून पदार्थ विकायच्या परवान्यासाठी केलेला माझा अर्ज परत आला, तेव्हा वाटलं ओट्यात नाहीतर सिंकमध्ये काहीतरी खोट निघाली असणार. दोन दिवस नुसती घासपूस केली. मग शेरा नीट वाचला. अडलं होतं भलतंच: बाटलीबंद सॉसचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त), मी कुठेच लिहिला नव्हता.

हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू नयेत म्हणून पीएच ४.६ च्या वर जाऊन चालत नाही. जिभेला आंबट लागतं, हा काही पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत नमुना दिला, ४.८ आला! व्हिनेगर वाढवून पुन्हा तपासला, ३.९. मग अख्खी कृती ग्रॅममध्ये लिहून काढली. अंदाजाने घालायची सवय मोडणं मला सगळ्यात जड गेलं.

बाकीचं किरकोळ. फ्रिजमध्ये विक्रीच्या मालाला वेगळा कप्पा, आत थर्मामीटर (५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही), लेबलवर अ‍ॅलर्जीचे घटक ठळक आणि प्रत्येक खेपेची वहीत नोंद.

तपासणीला आलेल्या बाईंनी चकचकीत ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी वही मागितली.