हस्तलिखित की शिळाछाप? जुनं फारसी-उर्दू पुस्तक घेण्याआधी

चोरबाजारात जुनं फारसी पुस्तक हातात घेतलं की एक गोष्ट हटकून ऐकू येते: सुलतानांनी छपाईला बंदी घातली होती, म्हणून हे हातानं लिहिलंय. तुर्कस्तानचा उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसऱ्या बायझीदनं १४८५ साली तसं फर्मान काढलं म्हणतात. मूळ फर्मान मात्र कुणाच्या हाती लागलेलं नाही. इस्तंबूलला इब्राहिम मुतेफेरिकाला छापखान्याची परवानगी १७२७ साली मिळाली आणि पहिलं पुस्तक १७२९ मध्ये निघालं, हे पक्कं. पण उस्मानी सुलतानाचा हुकूम मुंबईत चालायचा कशाला? इथे एकोणिसाव्या शतकात फारसी शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तकं ढिगानं निघत होती. तेव्हा भाव नंतर, आधी पान.

दहापट भिंग आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. टॉर्च पानालगत आडवा धरा. पाठीमागे अक्षरांचे उठाव दिसले तर छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची. नसतील तर भिंग लावा. बोरूची शाई फटकाऱ्याच्या टोकाला साचते, दोन फटकारे एकमेकांवरून गेले तिथे गडद होते, आणि बोरू पुन्हा बुडवेपर्यंत फिकट होत जाते. शिळाछापात काळा रंग सगळीकडे सपाट, एकसारखा. नुसत्या वळणावर जाल तर फसाल, कारण वळण खरोखरच हातचं असतं: कातिब, म्हणजे लेखनिक, मेणचट शाईनं कागदावर लिहायचा आणि तेच दगडावर उतरवायचे. नस्तालिक या फारसी-उर्दू लेखनशैलीचे उतरते शब्द खिळ्यांत बसवणं जिकिरीचं, म्हणून दगडच सोयीचा. तांबड्या रेघाही पुरावा नव्हे. त्या छपाईनंतर हातानं मारलेल्या असू शकतात.

साल बहुधा शेवटच्या पानावर, निमुळत्या होत गेलेल्या मजकुरात सापडतं. लिपी उजवीकडून, पण आकडा डावीकडूनच वाचायचा. अरबी वळणाचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका; १२७५ ला १२७० वाचलंत की पाच वर्षं हुकलीच. हिजरी सालाला ०.९७ नं गुणा, ६२२ मिळवा. १२७५ हिजरी म्हणजे ऑगस्ट १८५८ पासूनचं वर्ष. कधी हे साल कातिबानं लिहून संपवल्याचं असतं, छपाई नंतरची. मुखपृष्ठावर साल असेल तर दोन्ही ताडून बघा.

१८६७ च्या कायद्यानं मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं होतं. ते दिसत नाही म्हणून पुस्तक त्याआधीचं, असं लगेच धरू नका. आधी बांधणी उघडून बघा: कधी पहिलं आणि शेवटचं पान फाडून नवा कागद डकवलेला असतो, तो बाकी पानांहून गुळगुळीत लागतो.