इमिग्रेशनचा तास घेताय? या चुका टाळा

इमिग्रेशन शिकवायचं म्हटलं की बहुतेक मास्तर सुरुवात अमेरिकेपासून करतात. मीही केली होती. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाची लॉटरी कधी लागते?" त्यापाठोपाठ न्यू जर्सीतला मामेभाऊ निघाला, कुणाच्या ताईचं ग्रीन कार्ड निघालं. तास संपला तेव्हा मी शिक्षक उरलो नव्हतो, कॉलेज रोडवरचा व्हिसा एजंट झालो होतो.

पुढच्या वर्षी टेबलावर स्वतःचा पासपोर्ट ठेवला आणि विचारलं, हा छापला कुठे? नाशिकरोडच्या पोरांनी लगेच हात वर केले. इंडिया सिक्युरिटी प्रेस त्यांच्या घराजवळची. मग आतलं पान वाचायला दिलं. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने केलेली ती विनंती आहे: या व्यक्तीला अडथळा न करता जाऊ द्या. म्हणजे पासपोर्ट आपलं सरकार देतं, पण दार उघडायचं की नाही ते दुसरं सरकार ठरवतं. व्हिसा मिळाला तरी विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो. अमेरिकेत किती दिवस राहायचं हेसुद्धा व्हिसाच्या मुदतीवर ठरत नाही, प्रवेशाच्या नोंदीवर ठरतं.

सगळे दाखले एका गाठोड्यात बांधू नका

पासपोर्ट, व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ओसीआय हे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. तरी 'ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व' हे वाक्य दर वर्षी एका तरी उत्तरपत्रिकेत सापडतं. व्याख्या घोकून घेण्यापेक्षा निफाडची द्राक्षबाग पुढे करा. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, ओसीआय कार्ड घेऊन आला. त्याला इथे मतदान करता येत नाही आणि शेजारची दोन एकर बाग विकतही घेता येत नाही. वडिलांची बाग वारशाने येऊ शकते, ती गोष्ट वेगळी. जमिनीचा विषय निघाला की आपल्याकडची पोरं कान टवकारतात.

'स्थलांतरित' हा एकच शब्द सगळीकडे वापरू नका

सुरगाण्याहून दिंडोरीच्या बागांवर येणारा मजूर आणि बिहारहून अंबडच्या एमआयडीसीत आलेला कामगार, दोघेही स्थलांतरित. पण इमिग्रेशन कायद्याशी त्यांचा काही संबंध नाही, कारण देशात कुठेही जायचा आणि राहायचा हक्क कलम 19 देतं. सोसायटीच्या गेटवरचा नेपाळी वॉचमन परदेशी आहे, तरी त्याला व्हिसा लागत नाही. 1950 चा भारत-नेपाळ करार त्यामागे आहे. आणि 'बेकायदा' म्हणजे रात्री कुंपण ओलांडून आलेला, हा समज तर पहिल्याच दिवशी मोडा. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात रीतसर विमानाने येऊन मुदतीनंतर राहिलेला माणूसही त्याच व्याख्येत बसतो. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही आणि 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही.

तारखा पाठ करून घेऊ नका, वापरायला लावा

1 जुलै 1987 आणि 3 डिसेंबर 2004 या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की वर्ग झोपतो. मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जन्मलेली तीन काल्पनिक बाळं देतो: 1985, 1995 आणि 2010 ची. आई-वडील दोघेही परदेशी असतील तर 1985 चं बाळ जन्माने भारतीय (राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडून), 1995 चं नाही. आता वडील नाशिककर आणि आईचा व्हिसा संपलेला, असं धरा. 1995 चं बाळ भारतीय, कारण एक पालक नागरिक असला की पुरे होतं. 2010 चं मात्र नाही, कारण तोवर दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा ही अट आली होती. हॉस्पिटल तेच, उत्तरं वेगळी. इथे वर्गात आवाज चढतो. चढू द्या.

इतिहास सनावळीत उरकू नका

1882 चा चिनी मजुरांवर बंदी घालणारा अमेरिकी कायदा, भारतीयांना तिथलं नागरिकत्व नाकारणारा 1923 चा भगतसिंग थिंद खटला, तिथल्याच इमिग्रेशन कायद्यातला 1965 चा बदल अशी यादी देऊन काही हाती लागत नाही. एकच प्रकरण घ्या, पण नीट. मी कोमागाता मारू या जहाजाचं घेतो. कॅनडाचा 1908 चा नियम असा की, येणाऱ्याने आपल्या मायदेशातून थेट, प्रवास न तोडता यायला हवं. त्यात 'भारतीय' हा शब्द शोधायला सांगा. सापडत नाही, कारण त्याची गरजच नव्हती. भारतातून कॅनडाला थेट बोटच नसली की नियम आपोआप काम करतो. 1914 मध्ये हाँगकाँगहून निघालेल्या त्या जहाजावरच्या भारतातल्या 376 प्रवाशांना व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं, मोजक्यांना उतरू दिलं आणि जहाज परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला गोळीबार झाला. साधा दिसणारा नियम कुणावर आदळतो, हे एवढ्यातून कळतं.

एक खास नाशिककर चूक: 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या लोकांना देवळालीत डांबलं होतं, असं पोरं ठोकून देतात. ती छावणी राजस्थानातल्या देवलीची. आपली नाही.

जुन्या नोट्स फेका

1946 चा परदेशी नागरिक कायदा अजून काही ठिकाणी चालू कायदा म्हणून शिकवला जातो. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा 2025 चा कायदा आला आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार मात्र अजूनही त्या माणसावरच आहे.

घरची कागदपत्रं मागू नका

ही माझी सगळ्यात वाईट चूक. 'आजोबांपासूनचे दाखले आणा' असा प्रकल्प दिला होता. देवळाली कॅम्पातली एक सिंधी मुलगी दोन दिवस आलीच नाही. तिच्या पणजोबांचं काहीच कागदावर नव्हतं आणि मी जणू तिचीच चौकशी लावली होती. आता मी नावं आणि दाखले स्वतः बनवून देतो, तारखा तेवढ्या खऱ्या ठेवतो.

तिची माफी मागितली, मग तिच्याबरोबर संविधानाचं कलम 6 उघडलं. पाकिस्तानातून 19 जुलै 1948 च्या आधी येऊन इथेच राहिलेल्याला नोंदणीची गरज नव्हती. त्यानंतर आलेल्याला होती. तिने घरी आजीला विचारलं. आजीने ऐकलेलं एवढंच, की बोटीतून उतरले तेव्हा मुंबईत पाऊस होता.