विडी-सिगारेट सोडल्यावर पहिले पंधरा दिवस कसे काढावेत

विडी किंवा सिगारेट सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड, कामात लक्ष न लागणं हे सगळं एकदम अंगावर येतं. तिथून जोर ओसरायला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास मावळतो. तिसऱ्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून विडी पेटवणारा माणूस कन्नड घाट जवळजवळ चढून माघारी फिरलेला असतो.

दिवस ठरवा, आदल्या रात्री झाडाझडती घ्या

घरात लग्न आहे, कापूस वेचणीची धांदल आहे, असा आठवडा निवडू नका. त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा एखादा साधा दिवस धरा. आदल्या रात्री बंडल, पाकीट, आगपेटी, लायटर, राखदाणी घराबाहेर काढा. शर्टाचे खिसे आणि गाडीची डिकी तपासा. शेतात मोटारीच्या खोलीतला कोनाडा हमखास विसरला जातो आणि रात्री दोन वाजता तिथंच अर्धं बंडल सापडतं.

घरच्यांना आणि रोजच्या टपरीवाल्याला सरळ सांगून टाका. मनातल्या मनात सोडलेली विडी मनातल्या मनातच परत सुरू होते.

तलफ कुठं येते ते लिहून काढा

तलफ दिवसभर सारखी नसते. ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उठते आणि बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत खाली बसते, तुम्ही ओढा किंवा न ओढा. ती पाच मिनिटं काढायची, एवढंच काम आहे. पण त्या पाच मिनिटांत काय करायचं हे आधी ठरलेलं हवं, तलफ उठल्यावर डोकं चालत नाही. सकाळी, चहाबरोबर, जेवणानंतर, एसटी स्टँडवर, रात्री पिकाला पाणी भरताना, अशा आपापल्या जागा कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर एक उपाय लिहा.

सकाळचं घ्या. ‘विडीशिवाय पोट साफ होत नाही’ असं म्हणणारे गावोगाव आहेत आणि त्यात तथ्य आहे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठता होते. उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी प्या, थोडं चाला. जेवणात पालेभाजी, पपई आणि दादरची (ज्वारीची) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ठेवा. पोट सवय बदलतं, त्याला वेळ द्या.

चहाचं गणित मात्र फार थोड्यांना माहीत असतं. धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर संपवतं. धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं राहणं यातलं बरंचसं चहाचंही असू शकतं. पहिले काही दिवस चहा निम्म्यावर आणा आणि टपरीऐवजी घरी प्या.

रात्रीचं पाणी भरणं ही खान्देशातली खरी परीक्षा. लाइट रात्रीची, केळीत किंवा कपाशीत एकटा माणूस, झोप उडवायला विडी. तिथं जाताना खिशात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा ओवा-बडीशेप ठेवा. तोंड आणि हात दोन्ही गुंतायला हवेत. शक्य असेल तर पहिले चार-पाच दिवस कुणाला तरी सोबत न्या. तलफ आली की जागेवर बसू नका, बांधाबांधानं एक फेरी मारा, पाण्याची दारं बघून या, परत येईपर्यंत ती उतरलेली असते.

हिवाळ्यात भरीत पार्टी ठरलेलीच. पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजली जातात, जेवण झालं की कुणीतरी पाकीट पुढं करतं, ‘घे ना भो, एकच झुरका.’ पहिले तीन आठवडे अशा बैठकीला न गेलेलं बरं, आणि दारू असेल तर नक्कीच नाही. जावंच लागलं तर भरीत ठेचायचं काम अंगावर घ्या आणि पान उचलल्याबरोबर घरी निघा.

एक सोडून दुसरं धरू नका

विडीऐवजी चुना-तंबाखू मळणं, मशेरी लावणं म्हणजे निकोटिन चालूच ठेवणं, आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट वेगळी. सुपारीही नको, गोड असली तरी. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. सिगारेट सोडून विडीवर येणाऱ्यांना वाटतं की हे हलकं आहे. विडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि वरचेवर ओढावी लागते, त्यामुळे धूर छातीत जास्तच जातो.

निकोटिन च्युइंगगम नीट वापरा

गम मेडिकलवर मिळतो, आणि चुकीचा चघळल्यामुळेच ‘काही उपयोग नाही’ असं ठरतं. हळू चावा. तिखट झिणझिणी आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिणी गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. भराभर चावून लाळ गिळली तर फक्त उचकी आणि जळजळ होते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, ताक, लिंबूपाणी नको. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा गम लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयविकार असेल किंवा पोटात बाळ असेल तर कुठलाही गम आधी विचारूनच.

शरीर काय काय करील

खोकला काही दिवस वाढू शकतो. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागतात आणि कफ बाहेर ढकलतात. तोंड येतं, भूक वाढते, विचित्र स्वप्नं पडतात. हे जातं. खोकल्यातून रक्त, छातीत दुखणं, दम लागणं किंवा मन फार खचणं मात्र अंगावर काढू नका. मधुमेह, दमा किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर धूम्रपान सोडल्याचं डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

एखादी ओढली गेलीच तर

तिथंच थांबा. उरलेलं बंडल पाण्यात टाका, कुणाला देऊ नका. कुठं, कुणाबरोबर, कितीला झालं ते त्याच कागदावर लिहा आणि त्या जागेचा उपाय बदला. ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका, पुढच्या तलफेपासूनच पुन्हा सुरू करा.

एकट्यानं जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर) फोन करा. नंबर विडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, पैसे लागत नाहीत. पाकीट टाकण्याआधी तो मोबाइलमध्ये साठवून ठेवा.