शब्द दिलाय ना, मग पाळायचा कसा?

सुरुवात "तुमच्यासाठी प्रेयर करतो हं" यापासून करा, कारण आपल्या लोकांत सगळ्यात जास्त मोडला जाणारा शब्द हाच असावा. चर्चच्या दारात कोणी आजारपण सांगितलं की आपण बोलून मोकळे होतो आणि घरी पोचेपर्यंत त्या माणसाचं नावसुद्धा आठवत नाही. तिथंच उभ्या उभ्या दोन वाक्यांत प्रार्थना करून टाका, नाहीतर मोबाईलमध्ये नाव टाकून अलार्म लावा. दोन्ही जमणार नसेल तर बोलू नका, खरंच.

मुळात शब्द कमी द्या. बायबलमधल्या उपदेशक ५ मध्ये सरळ लिहिलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. चर्चमधलं प्रवचन ऐकून मन भरून आलंय तेव्हा "उद्यापासून रोज पहाटे ४ ला उठीन प्रभू" असलं काही बोलून बसू नका, एक रात्र जाऊ द्या, सकाळी पण तेच वाटलं तर बोला. मत्तय ५ मध्ये येशू तर शपथच वाहू नका म्हणतो, होय तर होय, नाही तर नाही. "बघू, जमलं तर येतो" हे मला नाही म्हणायचं भित्रं रूप वाटतं, स्पष्ट नाही म्हणा की, समोरचा दुसरी सोय तरी करेल.

बरं, दिलेला शब्द नंतर महागात पडतोय असं कळलं तर? बायबलमधलंच यहोशवा ९ वाचा. गिबोनच्या लोकांनी फाटके कपडे घालून, बुरसटलेल्या भाकरी दाखवून आम्ही लांबून आलोय असं खोटंच सांगितलं आणि इस्राएल लोकांकडून आम्हाला मारणार नाही असा करार करून घेतला, ३ दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच! फसवणूक झाली होती तरी इस्राएलाने शपथ मोडली नाही. पुढे इस्राएलाचा राजा शौल याने त्याच लोकांना मारलं, त्यापायी त्याच्यानंतरच्या दावीद राजाच्या काळात ३ वर्षं दुष्काळ पडला (२ शमुवेल २१). म्हणजे नुकसान होतंय एवढं कारण पुरत नाही.

पाप करायला लागत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हेरोद राजाने एका मुलीला मागशील ते देईन अशी पाहुण्यांसमोर शपथ घेतली आणि तिने मागितलं म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं, त्याला विश्वासूपणा कोण म्हणेल? असला शब्द मोडायचा आणि देवाजवळ कबूल करायचं.

आणि परिस्थितीच बदलली, खरंच जमत नाहीये, तर लपून बसू नका. येशूचा प्रेषित पौल याचा करिंथ शहरात जायचा बेत बदलला तेव्हा त्याने का बदलला ते तिथल्या मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, लिहून कळवलं. नीतिसूत्रे ६ मध्ये जामीन राहून अडकलेल्याला सांगितलंय की झोपू नको, आधी जा आणि विनवणी कर. म्हणून ज्याला शब्द दिलाय त्यालाच फोन करा, तोही मुदत संपायच्या आधी, आणि पैशाचा मामला असेल तर नवीन तारीख जरा लांबचीच द्या, दर आठवड्याला तारीख पुढे ढकलण्यापेक्षा ते परवडलं.