छोट्या ट्रॅक्टरला मागचं अवजार जोडण्याआधी: द्राक्षबागेतली तयारीची यादी

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जवळ आली की निफाड-दिंडोरीकडे, तिकडे तासगाव-पलूसकडेही, छोट्या ट्रॅक्टरला दिवसभर उसंत नसते. सकाळी फवारणीचा ब्लोअर, दुपारी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, संध्याकाळी खताची ट्रॉली. अवजार काढायचं आणि घालायचं काम एका दिवसात दोन-तीनदा होतं आणि घाई असते तीही नेमकी तेव्हाच. ही यादी त्या घाईसाठी आहे. माझं ठाम मत असं की अठरा ते अठ्ठावीस एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरची लहान आवृत्ती नव्हे. त्याचं वजन, त्याच्या पिना, त्याचा शाफ्ट यांचा हिशोब वेगळा आहे, आणि बहुतेक मोडतोड शेजारच्या मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार उसनं आणून लावल्यावर होते. त्यामुळे सुरुवात ट्रॅक्टरपासून न करता अवजारापासून करा.

अवजार दारात आलं की आधी पिना मोजा. छोट्या ट्रॅक्टरची मागची जोडणी बहुधा कॅटेगरी एकची असते, काही अगदी अरुंद ट्रॅक्टरना त्याहून कमी रुंदीची. कॅटेगरी एकमध्ये खालच्या दोन पिना 22 मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची, पिन 19 मिलिमीटरची असते. कॅटेगरी दोनमध्ये खाली 28 आणि वर 25. चाळीस-पंचेचाळीस एचपीवाल्याकडून आणलेलं अवजार कॅटेगरी दोनचं निघालं तर त्याची पिन तुमच्या आर्मच्या, म्हणजे खालच्या दांड्याच्या, गोळ्यात शिरणारच नाही. उलट बाजूने, बारीक पिन मोठ्या गोळ्यात घालायची असेल तर बाजारात बुश मिळतो, तो घाला. तारेने गुंडाळून किंवा बोल्ट ठोकून काम भागवू नका. ढिली पिन दर झटक्याला गोळा खाते आणि एक दिवस भर उतारावर अवजार एका आर्मवर लोंबकळतं. अवजाराची रुंदीही बघा. साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर चाकांच्या खुणा झाकून बोदापासून (वेलींच्या ओळीच्या उंच वरंब्यापासून) लांब राहत असेल तर तो बागेत चालेल. त्याहून रुंद असेल तर पाती बोदाच्या कडेला घासतात आणि पांढरी मुळं तुटतात. नवीन अवजार महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, अनुदानातून घ्यायचा विचार असेल तर अर्ज भरायच्या आधीच ट्रॅक्टरच्या एचपीला आणि पिनांना ते बसतं का हे दुकानात जाऊन ताडून पाहा. अनुदान मिळालं म्हणून मोठं अवजार घेणं म्हणजे पुढची दहा वर्षं क्लचवर भार टाकणं.

उसनं आणलेलं अवजार ब्लोअर असेल तर एक प्रश्न मालकाला न चुकता विचारा: या टाकीतून आधी तणनाशक मारलंय का? ऊस किंवा मक्यात टू-फोर-डी मारलेली टाकी नुसती पाण्याने विसळून द्राक्षाला वापरली तर कोवळी फूट वाकडी होते, पानं पंख्यासारखी आखडतात आणि तो हंगाम परत मिळत नाही. शंका असली तर तो ब्लोअर बागेत आणूच नका.

आता वजन. यावर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कंपनीच्या पत्रकात लिफ्टची क्षमता 500, 600, 750 किलो अशी छापलेली असते. तो आकडा खालच्या आर्मच्या टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन त्या टोकाच्या मागे दीड-दोन फुटांवर असतं, म्हणून प्रत्यक्षात उचलण्याची ताकद त्यापेक्षा कमी भरते. शिवाय लिफ्टने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं होत नाही. एक हिशोब करून बघू. समजा ट्रॅक्टर 750 किलोचा आहे, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर आहे आणि पुढच्या चाकांवर 300 किलो भार येतो. मागे आर्मवर बसणारा 200 लिटरचा ब्लोअर लावला. सांगाडा, पंप, पंखा मिळून 150 किलो आणि पाणी 200, असे 350 किलो. हे वजन मागच्या एक्सलपासून साधारण 1.2 मीटर मागे आहे. 350 गुणिले 1.2 भागिले 1.5, म्हणजे पुढच्या चाकांवरचा 280 किलो भार उचलला गेला. पुढे उरले फक्त 20 किलो. स्टिअरिंग फिरवलं तरी चाक जमिनीला धरत नाही, बांध चढताना नाक वर येतं.

जाणकारांचा जुना नियम असा की अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार राहिला पाहिजे. वरच्या हिशोबात तो 150 किलो होतो. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे 100 किलोची वजनं टांगली तर तरफेमुळे पुढच्या चाकांवर सुमारे 133 किलो वाढतात आणि गणित जेमतेम जुळतं. तेवढी वजनं बसवायची सोय नसेल तर टाकी अर्धी भरून मारा आणि पुढे मिळतील तेवढी वजनं लावा, नाहीतर सरळ चाकांवरचा, मागून ओढायचा ब्लोअर घ्या. पुढच्या बंपरवर माणूस बसवणं हा उपाय नव्हे, तो माणूस पहिल्या खड्ड्याला चाकाखाली जाऊ शकतो.

जोडणीसाठी जागा सपाट आणि कडक निवडा. ट्रॅक्टर सरळ रेषेत, हळूहळू मागे घ्या. मागे कोणी उभं असेल तर त्याला बाजूला, तुम्हाला दिसेल असं उभं करा. अवजार आणि ट्रॅक्टर यांच्या मधल्या जागेत ट्रॅक्टर हलत असताना कोणीच नको, मग तो कितीही सरावाचा गडी असो. इंच-दोन इंच राहिले की हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, मग खाली उतरा. आधी डावा आर्म लावा, कारण त्याची उंची सहसा बदलता येत नाही. मग उजवा, ज्याच्या वर लेव्हलिंगचा हँडल असतो. तो फिरवून उंची जुळवता येते. शेवटी टॉप लिंक. काढताना हाच क्रम उलटा. प्रत्येक पिनेला लिंच पिन (पिन निसटू न देणारी कडीची छोटी पिन) घाला आणि तिची कडी पूर्ण खाली पडलीय हे बोटाने दाबून खात्री करा. पिनेच्या जागी खिळा घालायची सवय असेल तर ती आजच सोडा; लिंच पिनांचा एक जुडगा टूलबॉक्समध्ये ठेवायला फार खर्च येत नाही.

टॉप लिंक म्हणजे नुसता तिसरा दांडा नव्हे. हॅरी फर्ग्युसनने ही तीन टोकांची जोडणी बसवली आणि 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर आली, त्यामागचं एक मोठं कारण सुरक्षिततेचं होतं. त्याआधी नांगर मुळीत किंवा दगडात अडकला की हलका ट्रॅक्टर मागे उलटायचा. वरचा दांडा ओढीचा जोर पुढे ढकलतो आणि ट्रॅक्टरचं नाक दाबून धरतो. म्हणूनच टॉप लिंकच्या खुंटीला साखळी बांधून अडकलेली ट्रॉली किंवा वेलीचं खोड ओढू नका. ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारवरून. लेव्हलिंगचा हँडल फिरवून अवजार मागून पाहिल्यावर आडवं करा, आणि टॉप लिंकची लांबी अशी ठेवा की ते बाजूने पाहिल्यावर सपाट दिसेल. रोटाव्हेटरला हे विशेष लागतं. टॉप लिंक आखूड राहिली तर मागचं फळकं वर उचललं जातं, ढेकळं फुटत नाहीत. चेक चेन, म्हणजे आर्मची डावी-उजवी हालचाल रोखणाऱ्या साखळ्या, रोटाव्हेटर आणि ब्लोअरला ताणून ठेवा. नांगर आणि फणाला दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक द्या. रस्त्यावरून न्यायचं असेल तर सगळ्यांनाच ताणा.

आता शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा, ज्याला गावात कोणी जॉइंट म्हणतात. अवजारासोबत आलेला शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरला बसेलच असं धरून चालू नका. मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट छोट्याला जवळजवळ नेहमी लांब होतो, आणि लिफ्ट उचलल्यावर तो दोन्हीकडे टेकून पीटीओचं (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकाचं) बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं तोंड फोडतो. तो असा मोजा: शाफ्टशिवाय अवजार तीन टोकांवर जोडा, ट्रॅक्टरचा पीटीओ आणि अवजाराचा इनपुट एका रेषेत येईल इतकं उचला, खाली भक्कम ठोकळे लावा, इंजिन बंद करा. शाफ्टचे दोन भाग ओढून वेगळे करा, एक भाग पीटीओवर आणि दुसरा अवजारावर बसवा, आणि ते शेजारी-शेजारी धरा. एका भागाचं टोक दुसऱ्याच्या गळ्याला टेकायला किमान एक इंच जागा उरली पाहिजे. तेवढी नसेल तर खडूने खूण करा आणि आतला पाइप, बाहेरचा पाइप, दोन्हीकडचे प्लास्टिकचे गार्ड सारख्याच मापाने हॅक्सॉने कापा. कापलेल्या कडा कानसने गुळगुळीत करा, आत ग्रीस लावा. नंतर अवजार पूर्ण खाली सोडून बघा: दोन्ही पाइप एकमेकांत किमान एक तृतीयांश लांबी शिरलेले हवेत. तेवढे शिरत नसतील तर शाफ्ट आखूड आहे, तो जास्त कापून काही साधणार नाही, दुसरा घ्या. चौकोनी शाफ्ट जोडताना आतल्या दोन्ही बाजूंचे काटे एका रेषेत येतात का तेही पाहा. नव्वद अंशांनी फिरवून बसवलेला शाफ्ट दर फेऱ्याला थरथरतो आणि क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) लवकर खातो.

पीटीओवर शाफ्ट चढवताना त्याच्या टोकाची लॉकची कॉलर मागे ओढा, खाचा जुळवा, सरकवा आणि कॉलर सोडून द्या. कॉलर खट्ट आवाज करून आपल्या जागी बसली पाहिजे. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून जोरात मागे ओढा. तो न सुटता राहिला तरच पुढे चला. खाच मातीने किंवा वाळलेल्या ग्रीसने भरलेली असेल तर कॉलर अर्धीच बसते, आवाज मंद येतो. तेव्हा चिंधी आणि डिझेलने खाच पुसा, पुन्हा लावा. गार्डची छोटी साखळी अवजाराच्या सांगाड्याला अडकवा, म्हणजे गार्ड फिरत नाही. शाफ्ट 540 फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरतो, आणि एवढ्या वेगात तो सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड ओढून घेतो. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून साडीचा पदर, धोतर, गळ्यातला गमछा, फवारणीच्या कोटाची लोंबती दोरी, यातलं काही अंगावर असेल तर शाफ्टजवळ जाऊ नका. गार्ड फुटलेला असेल तर काम थांबवून नवा लावा. क्रॉसच्या निपलमध्ये रोज काम सुरू करताना ग्रीस गनने दोन-तीन दाब द्या.

छोट्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा पीटीओचे दोन वेग असतात. तुमचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर 540 साठी बनवलेला असेल तर लिव्हर 540 वरच हवा. जास्त वेगावर पंपाचं दाबाचं पाणी कुठेही फुटेल. 540 ला इंजिनचे किती फेरे लागतात याची खूण डॅशबोर्डच्या मीटरवर असते. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा असेल तर क्लच दाबला की पीटीओही थांबतो, हे वळणावर लक्षात ठेवा.

बागेत शिरण्याआधी जमिनीत वाफसा आहे का हे पाहा. ओल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटर लगदा करतो. ड्रिपच्या नळ्या उचलून तारेला बांधा, ओळीत पडलेली सुतळी आणि बांधणीची जुनी तार वेचा. पात्यांच्या दांड्याला तार गुंडाळली तर ती काढायला इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, अवजाराखाली ठोकळे लावूनच वाका. नुसत्या लिफ्टवर टांगलेल्या अवजाराखाली हात घालू नका. रोटाव्हेटर आधी जमिनीच्या जरा वर ठेवून पीटीओ चालू करा, मग चालत्या ट्रॅक्टरने हळूहळू खाली सोडा. बागेत चार-पाच इंच खोली पुरे. ओळीच्या टोकाला आधी पीटीओ बंद, मग लिफ्ट पूर्ण वर, मग वळण. पाती जमिनीत ठेवून वळलात तर पात्यांवरचा ताण वाढतो. रिव्हर्स घेताना पीटीओ बंदच. मांडवाच्या खाली जात असाल तर उलटण्यापासून वाचवणारी दुमडायची फ्रेम तेवढ्यापुरती खाली करा आणि बाहेर आलात की लगेच उभी करून पिन घाला. फ्रेम उभी असताना सीट बेल्ट लावलेला हवा, दुमडलेली असताना लावायचा नाही.

पहिली ओळ संपली की थांबा. सगळं बंद करून पात्यांचे नट-बोल्ट हाताने चाचपा, गिअरबॉक्सच्या तोंडातून तेल झिरपतंय का बघा, टॉप लिंकचं लॉकनट आवळा. नव्या पात्यांचे बोल्ट दोन-तीन तास चालल्यावर पुन्हा आवळावे लागतातच. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच ग्रेडचा, त्याच मापाचा घाला. दुप्पट मजबूत बोल्ट घातलात तर तुटायचं काम गिअरबॉक्सचा दाता करेल. अवजार परत द्यायचं असेल तर सपाट जागी स्टँडवर उभं करा, शाफ्ट काढून त्याला ग्रीस लावून अवजारावरच अडकवा, ब्लोअरची टाकी तीनदा धुऊन नळ उघडा ठेवा, आणि किती लिटर टाकी तुमच्या बागेत कोणत्या औषधाची मारली ते मालकाला सांगा.