सुटलेला व्यायाम दहा सेकंदांनी परत आणला

खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. आमच्या अमळनेरच्या घरात संध्याकाळी फरशीसुद्धा तापलेली असते. पोट-कंबरेचा व्यायाम माझा तीनदा सुटला तो याच दिवसांत. त्यात पहिल्याच दिवशी दोन मिनिटांचा प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलणं, धरायला जायचे. कंबर झुकायची, दुखायची, आणि चौथ्या दिवशी चटई कपाटामागे.

मग कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांची पद्धत कळली. तीनच प्रकार: उताणं झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं, साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर अंग तोलणं, आणि बर्ड-डॉग, म्हणजे रांगत्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. साधारण १० सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. हे मला फार पटलं. दहा सेकंद थकलेल्या दिवशीही जमतात!

वेळही बदलली. आता पहाटे साडेपाचला, कळण्याच्या भाकरी थापायच्या आधी, गच्चीवर. सासूबाई तुळशीला पाणी घालता घालता विचारतात, "आज व्हयनं का वं?" त्यांना 'नाही' म्हणवत नाही. कॅलेंडरवर रोज एक रेघ मारते. बरं नसताना नुसता बर्ड-डॉग केला तरी मारते.

दोन महिन्यांनी भरलेला हंडा उचलताना कंबरेत येणारी चमक थांबली.